आजवरची बेरीज



शालान्त परीक्षेत गणितात नापास झालेला मनुष्य आज आपल्यापुढे गणितावर बोलायला उभा आहे, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते कामगार चळवळीवर बोलण्यासाठी. मी त्यांना म्हटले, चळवळीवर बोलणारे पुष्कळ आहेत. माझी गेली काही वर्षे ज्या एका आकड्याशी झुंजण्यात गेली, त्यावर बोलू द्या. त्यांनी उदार मनाने होकार दिला. आपण किती उदार आहात ते तासाभरात कळेलच.

त्या आकड्याचे नाव ‘वाय-टी-डी’. ‘इयर टू डेट’ या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. वर्षाच्या पहिल्या दिवसापासून आजच्या दिवसापर्यंत एकंदर किती विक्री झाली, ती ही बेरीज. मी तिला सोयीसाठी ‘आजवरची बेरीज’ म्हणणार आहे. आपल्यापैकी ज्यांचा मुलगा किंवा सून औषधांच्या, रंगांच्या, ट्रॅक्टरच्या किंवा विम्याच्या विक्रीत नोकरीला आहे, त्यांच्या घरात हा शब्द रात्रीच्या ताटापर्यंत येऊन पोचलेला असतो. ‘माझा वायटीडी मायनस आहे’ असे म्हणून पोरगा अर्धी भाकरी टाकून उठतो, आणि आईला वाटते की हा एखादा नवाच आजार असावा. तिचे अगदीच चुकते असेही नाही.

ही बेरीज काही संगणकाने जन्माला घातलेली नाही. मी सतरा-अठरा वर्षांचा असताना कापडाच्या एका घाऊक पेढीवर कामाला लागलो. तेथे एक म्हातारे दिवाणजी होते. रोजकीर्दीचे पान भरले की तळाशी बेरीज मांडायची, पान उलटायचे, आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ असे लिहून तीच रक्कम पुन्हा मांडायची, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवले. एकदा मी ती ओळ लिहायला विसरलो. दिवाणजी रागावले नाहीत. म्हणाले, ‘बाळ, तू आज पेढीचे मागचे दोन महिने पुसून टाकलेस.’ वर्ष संपून नवी वही उघडली तेव्हा मी हुशारी दाखवायला गेलो आणि जुन्या वहीतली विक्रीची बेरीज पहिल्या पानाच्या माथ्यावर ओढली. तेव्हा मात्र ते हसले. ‘अरे, शिल्लक नव्या वहीत जाते, देणे-घेणे जाते. विक्री जात नाही. विक्री दरसाल शून्यापासून.’

आजच्या विषयाचा पाया म्हणाल तर एवढाच. बेरीज पुढे ओढायची, आणि नवे वर्ष लागले की शून्यावर आणायची. बाकी जे काही आहे ते या दोन वाक्यांत माणसे कुठे कुठे चुकतात याचे वर्णन आहे.

एका विक्रेत्याची विक्री एप्रिलमध्ये १० लाख, मेमध्ये ११ लाख, जूनमध्ये ९ लाख झाली असे समजा. आजवरची बेरीज एप्रिलअखेर १०, मेअखेर २१, जूनअखेर ३०. एक्सेलमध्ये हे करणारे कारकून एक छान युक्ती वापरतात. बेरजेच्या सूत्रात पहिल्या घराच्या पत्त्याला डॉलरचे चिन्ह लावतात आणि शेवटच्या घराला लावत नाहीत. डॉलर म्हणजे खिळा. सुरुवात वर्षाच्या पहिल्या महिन्याला खिळ्याने ठोकलेली, आणि शेवट मोकळा. सूत्र खाली ओढत गेले की शेवट एकेक ओळ सरकत जातो. एखाद्या गाईला खुंटीला बांधून दोर लांब लांब करत जावे तसे.

कंपन्यांना हा आकडा का आवडतो, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. एकेका महिन्याची विक्री फार उड्या मारते. मोठ्या गिऱ्हाइकाचे बिल ३१ तारखेला फाटले की १ तारखेला, एवढ्यावर महिन्याचा आकडा फिरतो. आजवरच्या बेरजेत अशा उड्या एकमेकींना खातात आणि वर्षाची चाल दिसते. म्हणून ती मागल्या वर्षीच्या त्याच काळाच्या बेरजेशी ताडून पाहण्याची रीत पडली. रीत चांगली आहे. ‘त्याच काळाच्या’ हे शब्द मात्र पाळले गेले पाहिजेत, आणि माझी या आकड्याशी गाठ पडली ती नेमकी येथेच.

काही वर्षांपूर्वी, जुलै महिन्याच्या मध्यावर, एका औषध कंपनीचा प्रतिनिधी, ज्यांना आपण एम. आर. म्हणतो त्यांपैकी एक तरुण, संघटनेच्या कचेरीत आला. हातात ‘कारणे दाखवा’ नोटीस. चालू वर्षातील आपली आजवरची विक्री गतवर्षाच्या तुलनेत घटली असून आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा आठ दिवसांत करावा. सोबत संगणकावरून काढलेला रंगीत तक्ता आणि त्यात खाली तोंड केलेला एक लाल बाण. पोरगा नवीन लग्न झालेला, डोक्यावर घराचे कर्ज. तो सारखा एकच वाक्य बोलत होता : ‘काका, मी तर गेल्या वर्षीपेक्षा जास्त फिरलो.’ फिरण्याचे पुरावे त्याने पिशवी भरून आणले होते. मी त्याला म्हटले, पिशवी राहू दे, तो तक्ता दे.

आकडे मी आपल्यासाठी सोपे करून सांगतो. या वर्षीचे महिने मघाशी मांडलेच आहेत : १०, ११, ९. आणि जुलैचे ४. एकूण ३४ लाख. मागल्या वर्षीचे : एप्रिल ९, मे १०, जून १०, जुलै १०. एकूण ३९ लाख. ३९ वरून ३४. जवळजवळ १३ टक्के घट. वजाबाकी बरोबर, टक्केवारी बरोबर, बाण बरोबर. पण नोटिशीवर तारीख होती १३ जुलै. म्हणजे या वर्षीच्या जुलैचे ते ४ लाख हे बारा दिवसांचे होते, आणि मागल्या वर्षीच्या जुलैचे १० लाख हे एकतीस दिवसांचे.

हे मला त्या रात्री एकदम सुचले असे मी सांगितले तर ती फुशारकी होईल. मी दोन तास तक्त्याकडे पाहत बसलो होतो. माझी मुलगी त्या वेळी हिशेबाचा संगणकी अभ्यासक्रम शिकत होती. ती पाणी प्यायला उठली, खांद्यावरून वाकून पाहिले आणि म्हणाली, ‘बाबा, जुलै अजून संपलाय कुठे?’

मग तिनेच मला त्यातले यंत्र समजावून सांगितले, ते मी आपल्याला सांगतो. अशा अहवालांसाठी ज्या संगणकप्रणाली आज वापरतात, त्यांत मायक्रोसॉफ्टची ‘पॉवर बीआय’ पुष्कळ चालते. तिच्यात दोन वह्या असतात असे समजा. एक विक्रीची : तारीख, माल, गिऱ्हाईक, रक्कम. दुसरी नुसत्या तारखांची. एका ओळीत एक दिवस, रविवार-सुट्ट्यांसकट, एकही दिवस न गाळता. विक्री नसली तरी तारीख हवीच, कारण यंत्र जोड्या जुळवते ते या तारखांच्या वहीवरून. काही लोक आळस करून विक्रीच्या वहीतल्याच तारखा वापरतात. मग ज्या दिवशी बिल फाटले नाही तो दिवस यंत्राच्या लेखी जगात उगवलाच नाही असे होते, आणि मागल्या वर्षाशी जोडी जुळवताना त्याची फसगत होऊ शकते.

आता तारखांची वही वर्षभराची आधीच लिहून ठेवलेली असते. आपण यंत्राला म्हटले, ‘जुलै महिना दाखव.’ त्याने तारखांच्या वहीतून १ ते ३१ जुलै उचलले. या वर्षीची विक्री शोधली. १२ तारखेपुढे काही नाहीच, म्हणून जेवढी आहे तेवढी दिली. मग म्हटले, ‘गेल्या वर्षीचा हाच काळ दाखव.’ त्याने १ ते ३१ जुलैची जोडी मागल्या वर्षीच्या १ ते ३१ जुलैशी जुळवली आणि तेथे विक्री पुरी महिनाभर भरलेली होती, ती सगळी दिली. यंत्र खोटे बोलले नाही. त्याला ‘जुलै’ विचारला, त्याने जुलै सांगितला. ‘बारा तारखेपर्यंत’ हे शब्द विचारणाऱ्याने उच्चारलेच नव्हते.

याचा उपाय अवघड नाही. विक्रीच्या वहीतली शेवटची तारीख शोधायची, तारखांच्या वहीत तिच्यापुढच्या दिवसांवर खूण करायची, आणि दोन्ही वर्षांची बेरीज त्याच दिवशी तोडायची. त्या तरुणाच्या बाबतीत मागल्या वर्षीच्या १२ जुलैपर्यंतची विक्री निघाली साडेतीन लाख. म्हणजे मागल्या वर्षाची बेरीज ३९ नव्हे, साडेबत्तीस. आणि या वर्षीची ३४. तेरा टक्के घट नाही, साडेचार टक्क्यांहून थोडी अधिक वाढ.

विभागीय कचेरीत बैठक झाली. मी साहेबांना एकच विचारले, या वर्षीचा जुलै आपण किती दिवसांचा धरला? ते म्हणाले, बारा दिवसांचा. मी विचारले, मागल्या वर्षीचा? त्यांनी संगणकाच्या पोराला बोलावले. तो बिचारा सरळ मनाचा होता. पडद्यावर दोन-चार ठिकाणी बोट फिरवून म्हणाला, ‘सर, तो पूर्ण आलाय.’ खोलीत कुणी काही बोलले नाही. चहा आला. नोटीस चार दिवसांनी मागे घेतली गेली. त्या तक्त्याच्या आधारावर इतर विभागांत अशा किती नोटिशा गेल्या होत्या, हे मी विचारले. त्याचे उत्तर आले नाही. एक सांगतो, त्या पोराला दोष देऊ नका. त्याला कुणी सांगितलेच नव्हते की त्याच्या लाल बाणावरून माणसांच्या नोकऱ्या ठरतात.

त्या दिवसापासून मी प्रत्येक तक्त्याला काही प्रश्न विचारू लागलो. पहिला प्रश्न, ‘आजवर’ म्हणजे कुठवर, तो झाला. दुसरा त्याहून मजेचा : ‘वर्ष’ म्हणजे कुठून?

आपण म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पण आपल्या एका तालुक्यात किती वर्षे नांदतात ते पाहा. भिंतीवरची दिनदर्शिका जानेवारीपासून. पंचांग चैत्र पाडव्यापासून. व्यापाऱ्याचे वहीपूजन दिवाळीत. तलाठ्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टपासून. साखरेचे वर्ष १ ऑक्टोबरपासून. आणि सरकारचे १ एप्रिलपासून, तेही १८६७ सालापासून. त्याआधी ते १ मे रोजी सुरू होई. २०१३ च्या कंपनी कायद्याने सर्व कंपन्यांना ३१ मार्चला वर्ष संपवणे बंधनकारक केले, पण परदेशी कंपन्यांच्या इथल्या शाखा-कंपन्यांना परवानगीने वेगळे वर्ष ठेवण्याची वाट ठेवली. म्हणून अशा ठिकाणी एकाच विक्रेत्याच्या दोन ‘आजवरच्या बेरजा’ असू शकतात : एक साता समुद्रापलीकडच्या मालकासाठी जानेवारीपासूनची, दुसरी इथल्या खात्यासाठी एप्रिलपासूनची. ज्या दिवशी जी कमी दिसेल ती त्या दिवशी पोराच्या तोंडावर मारता येते.

यंत्राच्या बाजूनेही येथे एक खड्डा आहे. ‘टोटल-वाय-टी-डी’ नावाची जी आज्ञा पॉवर बीआयमध्ये आहे, तिला वर्ष कधी संपते हे शेवटी वेगळे लिहून सांगावे लागते. तिसऱ्या महिन्याची एकतीस तारीख असे लिहिले नाही, तर ती आपण होऊन ३१ डिसेंबर धरते, कारण ती ज्या देशात तयार झाली तेथे जगाचे वर्ष तेव्हा संपते. मग होते काय, की डिसेंबरअखेर नऊ महिन्यांची भरगच्च दिसायला हवी ती बेरीज मुळात एप्रिलऐवजी मागल्या जानेवारीपासूनची असते, आणि १ जानेवारीला ती धाडकन शून्यावर येते. मी एका कचेरीत असा आलेख पाहिला आहे. नाताळनंतर साऱ्या महाराष्ट्राने औषधे घेणे बंद केले होते, असे त्यावरून दिसत होते.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ‘विक्री’ म्हणजे कुणी कुणाला विकले?

औषधाची बाटली कारखान्यातून निघून कंपनीच्या एजंटाच्या गोदामात येते, तेथून घाऊक विक्रेत्याकडे म्हणजे स्टॉकिस्टकडे, त्याच्याकडून गल्लीतल्या औषध दुकानात, आणि तेथून आपल्या घरी. कंपनीच्या वहीत विक्री होते ती स्टॉकिस्टच्या नावे बिल फाडले की. तिला ‘प्रायमरी’ म्हणतात. स्टॉकिस्टने दुकानदाराला विकले ती ‘सेकंडरी’. या दोहोंत महिन्याचे अंतर पडते. मोटारींच्या धंद्यात हे सर्वांसमक्ष दिसते : कारखानदारांची संघटना ‘सियाम’ कारखान्यातून वितरकाकडे रवाना झालेल्या गाड्या मोजते, आणि विक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ गिऱ्हाइकाच्या नावे नोंदणी झालेल्या. एकाच महिन्याचे दोन आकडे वर्तमानपत्रात येतात आणि एक वर तर दुसरा खाली, असेही घडते. दोन्ही खरे असतात. विक्रेत्याच्या अंगणात उभ्या राहिलेल्या गाड्या हा त्यांतला फरक.

औषधांत हा फरक मार्चमध्ये फुगतो. वर्ष संपायला आठ दिवस उरले की वरून फोन सुरू होतात : उद्दिष्ट पुरे करा. प्रतिनिधी स्टॉकिस्टच्या हातापाया पडतो, ‘शेठ, एवढी बिले घ्या, नंतर बघू.’ दुकानांची मागणी १० लाखांची, बिले फाटतात १६ लाखांची. सर्वांना टाळ्या मिळतात. ‘नंतर बघू’ म्हणजे काय, तर मे महिन्यात स्टॉकिस्ट ४ लाखांचा माल परत करतो. तो परतावा कुठल्या वर्षात वजा होतो? ज्या तारखेला क्रेडिट नोट निघाली त्या तारखेला, म्हणजे नव्या वर्षात. एप्रिलची विक्री ८ आणि मेची ९, बेरीज १७ दिसायची ती १३ दिसते. उलट मागल्या वर्षाच्या खात्यात ते १६ लाख जसेच्या तसे ऐटीत बसून राहतात, आणि पुढच्या मार्चमध्ये तुलना होईल ती त्या फुगवलेल्या बेरजेशी. तेच चार लाख असे दोनदा मारतात. आमच्या संघटनेतले कित्येक जण मार्चमध्ये बक्षीस घेतात आणि जूनमध्ये मेमो घेतात. मी त्यांना स्पष्ट सांगतो, मार्चमध्ये नाही म्हणायची हिंमत नसेल तर जूनमध्ये रडत माझ्याकडे येऊ नका. तरी ते येतात, आणि तरी मी जातो.

याच प्रश्नाचा एक फाटा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या अहवालात रक्कम करासकट मोजतात, तेथे पूर्वी ११२ दिसणारी विक्री त्या दिवसापासून १०५ दिसू लागली. माल तेवढाच, मूळ भाव तोच, आणि विक्री सव्वासहा टक्क्यांनी खाली! आपल्या घरी कुणाला त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ‘वायटीडी’चा मेमो आला असेल, तर रक्कम कराशिवायची होती का, एवढे जरूर विचारा.

सणांचेही असेच. औषधांना दिवाळी फारशी लागत नाही, पण कपडे, मिठाई, दूरदर्शन संच यांना लागते. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, म्हणून लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला पडले. २०२४ साली महाराष्ट्रात ते १ नोव्हेंबरला झाले. आता ३१ ऑक्टोबरअखेरच्या आजवरच्या बेरजा शेजारी ठेवा. एकीत दिवाळीची बरीचशी खरेदी अजून यायची आहे, दुसरीत ती बहुतेक येऊन गेली आहे. दुकानदार २०२४ मध्ये खुशीत येतो आणि नोव्हेंबर संपल्यावर उतरतो. शाकापासूनचे हिशेब ज्यांनी ठेवले त्या आपल्या पूर्वजांना अधिक महिन्याचा त्रास ठाऊक होता. यंत्राला तो सांगितल्यावाचून कळत नाही. अमेरिकेतली मोठी दुकाने यावर महिना मोडूनच टाकतात आणि सगळे वर्ष आठवड्यांत मोजतात, म्हणजे शनिवारसमोर शनिवार येतो; पण बावन्न आठवडे म्हणजे ३६४ दिवस, उरलेला दिवस साचत जातो आणि पाच-सहा वर्षांनी एक त्रेपन्नावा आठवडा घालावा लागतो. २०२३ हे तसे वर्ष होते. अधिक मास कुणालाच चुकत नाही.

आता आमच्याच लोकांच्या एका चुकीबद्दल सांगतो, नाहीतर आपण म्हणाल हा मनुष्य एकाच बाजूने मोजतो. एक प्रतिनिधी मला म्हणाला, ‘माझे एप्रिलचे उद्दिष्ट १२० टक्के पुरे झाले, मेचे ८० टक्के. सरासरी शंभर. मग मला प्रोत्साहन भत्ता का नाही?’ मला पटले. मी भांडायला निघालो. सुदैवाने निघण्याआधी आकडे मागितले. एप्रिलचे उद्दिष्ट होते ५ लाख, विक्री ६. मेचे उद्दिष्ट २० लाख, विक्री १६. एकूण उद्दिष्ट २५, एकूण विक्री २२. आजवरचे प्रमाण ८८ टक्के. शंभर नव्हे. रकमांची बेरीज होते, टक्क्यांची होत नाही. आधी रकमा पुढे ओढायच्या आणि मग भागाकार. मी त्याला परत पाठवले. तो माझ्यावर अजून थोडा रागावलेला आहे.

गिऱ्हाइकांच्या संख्येचेही तसेच. काल या मंडपात तीनशे लोक होते, आज तीनशे आहेत असे धरू. म्हणजे व्याख्यानमालेने सहाशे माणसे जमवली असे चालक म्हणू शकत नाहीत, कारण पुढच्या रांगेतले हे आजोबा रोजच येतात. महिनावार गिऱ्हाईक मोजून त्यांची बेरीज ओढत गेले की एकच दुकानदार वर्षात बारा वेळा जन्म घेतो. बेरीज नावांची करावी लागते, आकड्यांची नव्हे.

शेवटची गोष्ट सांगून थांबतो. गेल्या वर्षी आणखी एक जण आला. चाळिशी उलटलेला, वीस वर्षे नोकरी. त्याची आजवरची बेरीज मागल्या वर्षापेक्षा ४० टक्क्यांनी कमी दाखवली होती. मी माझे सगळे प्रश्न विचारले. तारीख दोन्हीकडे एकच. वर्ष एप्रिलपासूनच. विक्री सेकंडरी, करावाचून, परतावा ज्या-त्या वर्षात वळता केलेला. कुणीतरी समजून-उमजून केलेला तक्ता होता. खरे सांगायचे तर मला त्याचे कौतुक वाटले. आता काय बोलायचे? मी त्याला म्हटले, ‘दादा, हा आकडा बरोबर आहे. तुमचे काय चुकले ते तुम्हीच सांगा.’ तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘काही चुकले नाही हो. फिरायचे तालुके कमी झाले, एवढेच.’

मे महिन्यात त्याच्या सहा तालुक्यांपैकी तीन काढून एका नव्या मुलाला दिले होते. संगणकात या वर्षीची विक्री त्याच्या तीन तालुक्यांची येत होती, आणि मागल्या वर्षीची, त्याच्या नावावर, सहांची. सहा भाकऱ्यांची भूक तीन भाकऱ्यांशी ताडून पाहिली होती. आम्ही कंपनीला लिहिले की मागल्या वर्षीची बेरीज माणसाच्या नावाने न काढता आज त्याच्याकडे असलेल्या तालुक्यांच्या नावाने काढा. त्याला दीड महिना लागला, तीन स्मरणपत्रे गेली, आणि आकडा आला : उणे ३ टक्के.

म्हणजे थोडी घट होतीच. तेवढी त्याने कबूल केली, आणि ती का झाली हेही सांगितले : एका तालुक्यातला मोठा दवाखाना बंद पडला होता. कंपनीच्या साहेबांनी ते लिहून घेतले. त्याची वेतनवाढ ऑगस्टऐवजी नोव्हेंबरात मिळाली, पण एप्रिलपासूनच्या फरकासकट.